तायडे सरांचा दाब

आमच्या गल्लीत कुणी भेटलं की लोक विचारतात, जेवण झालं का. तायडे सर विचारतात, "तुमच्याकडं दाब किती हाय?"

हा दाब विजेचा. व्होल्टेज हा शब्द सरांना ठाऊक आहे, पण मराठी शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला वापरायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ओसरीवर, लोक जिथे वडिलांचा हार घातलेला फोटो लावतात तिथे, काट्याचा एक मोठा मीटर टांगलेला आहे. त्याची तबकडी त्यांनी स्वतः रंगवली. मधे हिरवा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा, टोकांना लाल. हा हिरवा साधा नाही, कोवळ्या हरभऱ्याचा आहे, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मीटरखाली फळा. दाब बदलला की सर तो फळ्यावर लिहितात, आणि अक्षर असं की थेट लग्नपत्रिकेवर छापावं. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीतल्या बायका तो फळा वाचूनच मिक्सर लावतात.

हळूहळू हा दाब सरांच्या सगळ्या बोलण्यात शिरला. भाजी अळणी झाली की भाजीचा दाब कमी. लग्नातला बँड जोरात वाजला की दाब वाढला. वर्गात एखादा पोरगा लाजाळू असला की त्याला ते कधी रागावले नाहीत. याचा दाब कमी आहे, हळूहळू चढेल, एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना त्यांचाच रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, तेव्हा सरांनी म्हणे शांतपणे विचारलं, स्टॅबिलायझर कोणता घेऊ.

घरात ते एकटेच. काकू वारल्या त्याला बरीच वर्षं झाली, मुलगी सुमेधा बंगळूरला नोकरीला. त्यामुळे त्यांचं बरंचसं भांडण आमच्या बाबांच्या वाट्याला येई. बाबांची पिठाची चक्की सरांच्या घरासमोरच आहे. चक्की सुरू झाली की सरांचा काटा हिरव्यातून पिवळ्यात जातो. मग सर रस्ता ओलांडून येतात आणि चक्कीच्या दारात उभे राहून काही न बोलता बाबांकडे पाहतात. बाबाही काही न बोलता दळत राहतात. मी लहानपणापासून हे भांडण पाहत आले, त्यात कुणाचा आवाज चढलेला मला आठवत नाही.

मला अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात लॅपटॉपची चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, मला लॅपटॉप नको, मी डेस्कटॉप घेणार आणि तो सुटे भाग आणून स्वतः जोडणार. तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचं मशीन होतं आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. हे मी व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलं होतं. बाबांना पटलं, कारण चक्कीचे पट्टे आणि बेअरिंग ते स्वतःच बदलतात. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मात्र हसले.

"तयार मिळते त कायले बनवाले बसली?" ते म्हणाले. "आमी काय घरी मोटरसायकल जोडतो का?"

त्यांनी हे गल्लीतल्या चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी आणखी कुणाला, आणि मग मला माघार घ्यायची सोय उरली नाही.

ही बातमी सरांना लागली आणि ते संध्याकाळी घरी आले. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, या सगळ्यात दाब कोण सांभाळतं. मी सांगितलं, पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेतो आणि प्रत्येक भागाला लागेल तेवढीच देतो. सरांनी डोळे उघडले. त्या क्षणापासून तो पॉवर सप्लाय त्यांचा झाला.

खरेदीला अकोल्याला जायचं होतं. बाबांना चक्की सोडता येईना, आई मला एकटीला पाठवायला तयार नव्हती. सर म्हणाले, त्यांना अकोल्यात ब्रश घ्यायचेत, ते येतात सोबत. दिवसभर आम्ही अकोल्यात होतो. ब्रशाचं नावही त्यांनी काढलं नाही.

दुकानात सरांनी जो गोंधळ घातला तो आठवला की मला अजून हसू येतं. दुकानदार तरुण होता, सभ्य होता, आणि त्याला काय वाढून ठेवलंय हे माहीत नव्हतं. त्यानं काळा कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, दाखवला. सरांनी त्याला सांगितलं की काळा हा रंग नव्हे, चित्रात खरी सावली कधी काळी नसते, नीट पाहिली तर निळी असते. त्यानं पांढरा दाखवला. सर म्हणाले, याला पंधरा दिवसांत चक्कीचं पीठ बसेल आणि दिसणारही नाही, म्हणजे पुसलं जाणार नाही. एवढं बरोबर होतं, पण अमरावतीला चक्कीचं पीठ कुठून येणार होतं? मग त्यानं काचेचा, आत रंगीत दिवे फिरणारा कॅबिनेट काढला. सर बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, हे रंग एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी मी मुकाट्यानं काळा घेतला, पुढे जाळी असलेला. सर निळ्या सावलीबद्दल पुन्हा सांगू लागले तेव्हा दुकानदारानं त्यांना चहा मागवला.

ग्राफिक्स कार्डापाशी मात्र मी अडले. पडद्यावरची चित्रं वेगानं उमटवणारं ते कार्ड मला फार हवं होतं, पण पैसे मोजकेच होते. ते घेतलं तर पॉवर सप्लाय साधा, कॅबिनेटसोबत येतो तसला घ्यावा लागणार होता. चांगला पॉवर सप्लाय घेतला तर कार्ड सोडावं लागणार होतं. दुकानदार म्हणाला, सगळे कार्डच घेतात. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते दाबावर व्याख्यान देतील. ते म्हणाले, "मले यातलं काही समजत नाही, रेणू. कार्ड घेतलं तरी मी तुह्याच बाजूनं. पण मंग मले रोज तुही काळजी लागन."

मी ग्राफिक्स कार्ड सोडलं. प्रोसेसरमध्येच चित्र दाखवण्याची सोय असलेला घेतला आणि पॉवर सप्लाय चांगला घेतला. पुढे अमरावतीला मी राहिले तिथे वीज दिवसातून कितीदा तरी येई-जाई. वर्गमैत्रिणींची दोन मशीनं पहिल्याच वर्षात जळली. हे लिहितेय ते माझ्या त्याच संगणकावर.

परतीच्या एसटीत सरांनी पॉवर सप्लायचा खोका मांडीवर घेतला तो आमचं गाव येईपर्यंत खाली ठेवला नाही. कंडक्टरनं विचारलं, काका, बॉक्समध्ये काय आहे. सर म्हणाले, दाब. कंडक्टरनं पुढे काही विचारलं नाही.

जोडणी आमच्या बैठकीत झाली. सर घरून स्वतःचं स्टूल घेऊन आले. मदरबोर्डाला हात लावण्यापूर्वी मी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत होते. अंगात साठलेली वीज निघून जावी म्हणून तसं करतात. हे सांगितल्यावर सरांना इतका आनंद झाला की विचारू नका. माणसाच्या अंगातही दाब असतो हे ते आयुष्यभर म्हणत आले होते, आज पुरावा मिळाला होता. त्यानंतर कित्येक दिवस ते कुणाच्याही घरात शिरताना आधी खिडकीचा गज धरून उभे राहत. नव्या सुनांना वाटे, सरांना चक्कर येतेय.

सगळं जोडून झालं त्या दुपारी आईनं नारळ आणला, बाबांनी पेढे. बाबांनी चक्कीही बंद ठेवली, भर गिऱ्हाइकीच्या वेळी. बैठकीत बसायला जागा नव्हती. मोठे बाबा खुर्ची घेऊन अगदी समोर बसले. मी कॅबिनेटचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. मागे कुणीतरी खोकलं. मला नक्की माहीत होतं की चूक माझी आहे, पण कुठे, ते सुचेना, आणि एवढ्या लोकांसमोर सगळं उघडून शोधायची हिंमत होईना. मोठे बाबा खुर्चीत पुढे सरकले. ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात सर उठले आणि कुणाला काही न सांगता बाहेर गेले. थोड्या वेळानं दारात येऊन उभे राहिले.

"दाब गेला," ते म्हणाले. "एकशे साठवर आला. असल्या दाबावर ते मशीन चालू होत नाही. मीच म्हणतो, आज राहू दे. उद्या."

मोठे बाबा ताडकन उठून सरांच्या ओसरीकडे गेले. फळ्यावर तसंच लिहिलेलं होतं, त्याच सुंदर अक्षरात. ते परत आले आणि गप्प बसले. फळा असताना वरच्या काट्याकडे कुणी पाहत नाही, आणि फळ्यावर लिहिलेलं खोटं असू शकतं, हे आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता सगळे बाबांकडे पाहू लागले, कारण दाब पडला की दोष चक्कीचा, हे ठरलेलं. चक्की तर बंद होती. बाबांनी सरांकडे पाहिलं. मग पेढ्यांचा डबा उघडत म्हणाले, "हाव, सकायपासून चक्की बी जड ओढून राह्यली होती. लाईनच खराब हाय."

लोकांनी पेढे खाल्ले, विजेच्या नावानं दोन शब्द बोलले आणि गेले.

ऊन उतरल्यावर मी सरांच्या ओसरीवर गेले. काटा हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध उभा होता. सर खाली मांडी घालून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. मी काट्याकडे पाहत उभी राहिले.

"सर, हे तर दोनशे तीस आहे."

"हाव काय?" त्यांनी मान वर केली नाही. "जुना झाला तो. चुकते कधी कधी."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, बटणाच्या बारीक तारा मी बहुतेक चुकीच्या जागी लावल्या, मला कुणीतरी बॅटरी धरायला हवंय. सर शेंगा तशाच टाकून उठले. तेच चुकलं होतं. दोन तारांच्या जागा बदलल्या आणि बटण दाबलं तर पंखा फिरला, पडदा उजळला. आई, बाबा, सर आणि मी, एवढेच होतो. त्या रात्री सर पहिल्यांदा आमच्याकडे जेवले. आई कधीपासून म्हणायची आणि ते कधीपासून टाळायचे.

दुसऱ्या दिवशी गल्लीनं चालू संगणक पाहिला. मोठ्या बाबांनीही पाहिला आणि अमरावतीला सामान न्यायला आपली गाडी दिली.

गाडी बाबांनी चालवली. पुढच्या सीटवर सर. ते येणार हे कुणी ठरवलं नव्हतं, सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसलेलेच होते. खोलीवर पोचल्यावर त्यांनी खिशातून टेस्टर काढून भिंतीतला प्रत्येक सॉकेट तपासला आणि अर्थिंग नसल्याबद्दल घरमालकीणबाईंची शाळा घेतली. मी टेबल मांडलं, संगणक लावला, बाबा पाण्याचा कॅन आणायला गेले. सरांचं काम संपलं होतं, तरी ते खोलीच्या मधोमध उभे होते. पलंगाकडे पाहिलं, कपाट उघडून बंद केलं, खिडकीबाहेर वाकून पाहिलं.

मी विचारलं, "सर, काही राहिलं का?"

"नाही, नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "सुमेधा शिकाले गेली तवा तिले सोडाले तिची माय गेली होती. मी नोतो गेलो. म्हटलं पाहावं, कसं असते ते."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे. बाबा येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

निघताना ते म्हणाले, तू आधी वर जा, मग आम्ही निघतो. मी वर आले आणि खिडकीतून पाहिलं. बाबा गाडीत बसले होते, पण गाडी सुरू केली नव्हती. सर खाली रस्त्यात उभे राहून एकेक खिडकी पाहत होते, माझी कोणती ते शोधत. मी हात बाहेर काढला. त्यांना दिसला. त्यांनीही हात वर केला आणि तसेच उभे राहिले. बाबांनीही त्यांना घाई केली नाही.