आकाशाकडे पडणारं कासं

"या घंटेत एक भोक सापडलं, तर मी ती दातांनी चावून खाईन!" क्लाइव्ह पॅस्को छाती फुगवून म्हणाला.

समुद्रकाठच्या न्यूकॅसलमध्ये धातू ओतणाऱ्या एका फौंड्रीत तो इंजिनिअर होता. शार्क दिसला की वाजवायला लाइफगार्डांच्या क्लबला काशाची घंटा हवी होती. आधीच्या दोन घंटांच्या धातूत हवेच्या पोकळ्या निघाल्या. वाजवल्या की उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज! तिसरी फसली, तर काम दुसऱ्या फौंड्रीला जाणार होतं. म्हणून वितळलेलं कासं साच्यात कसं वाहील, आधी कुठे थिजेल, याचा हिशेब क्लाइव्हनं संगणकाला नऊ तास करायला लावला. पडद्यावर कासं झकास सरकलं. पोकळी? नावालाही नाही!

साचे करणारी नोलीन मात्र साच्याचा नकाशा बघून थबकली. तीस वर्षं वाळूत हात घातलेली बाई ती! "क्लाइव्ह राजा, ओतायचं तोंड तळाला काढलंयस. ओतू कुठून, पाताळातून?"

क्लाइव्ह नकाशा गुंडाळायला गेला. पण मागेच मालक बार्नाबी उभे! "हेच तर नवं तंत्र!" त्यानं ठोकून दिलं. "खालून वर!"

झालं! साहेब हरखले. त्यांनी तिथल्या तिथे जमिनीत खड्डा खणायला लावला. क्लबला फोन केला. क्लबनं रेडिओला केला. दुपारी रेडिओवाली माइक घेऊन दारात हजर!

क्लाइव्ह संगणकाकडे धावला. गुरुत्वाकर्षणाच्या आकड्याआधीचं उणे चिन्ह राहून गेलं होतं. त्याचं कासं नऊ तास आकाशाकडे पडत होतं!

"नोलीनताई, मेलो गं! सगळा हिशेब पुन्हा करावा लागणार!"

नोलीननं केकचा तुकडा तोंडात टाकला आणि नकाशा उलटा धरला. "आता बघ, शहाण्या."

तोंड वर! बाकी सगळं जिथल्या तिथे!

क्लाइव्हनं मान खाली घालून साहेबांना खरं सांगितलं.

"मग खड्ड्याचं काय करू?" साहेब ओरडले.

"क्लाइव्हला उभा करा आत," नोलीन म्हणाली.

घंटा मात्र अप्रतिम निघाली. शनिवारी किनाऱ्यावर नोलीननं दोरी ओढली. ठण्णण्ण! पोहणाऱ्यांना 'ही नुसती चाचणी आहे' हे सांगायचं राहूनच गेलं. शे-दीडशे माणसं किंचाळत पाण्याबाहेर पळाली. पायऱ्या चढून सगळ्यांत आधी वर पोचला तो क्लाइव्ह. आणि तो तर पाण्यात उतरलाच नव्हता!