दिगूअण्णांचं नवं गेज

आमच्या बजाजनगरात वांगी व्हर्नियर लावून घेणारा माणूस एकच, आमचे शेजारी दिगूअण्णा. भाजीवाली त्यांना लांबून बघते आणि पाटीवर पोतं टाकते. सगळा जन्म गेला वाळूजच्या कारखान्यात, मापाचं गेज लावून माल तपासण्यात. रिटायर झाले, पण तपासणी सुटली नाही. माझ्या लग्नात अक्षता टाकायच्या आधी या गृहस्थांनी मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघितलं. वर म्हणतात, "मोजल्याबिगर मानायचं नाय!"

परवा सकाळीच दारात हजर.

"संजू, तू कॉम्प्युटरवाला ना? फाईल झिजली का नाय, ते दाखवणारं कायतरी दे. साधं पायजे. बटणांची जत्रा नको. एक वळ लिवली की एक उत्तर."

"अण्णा, फाईल झिजत नसते."

"लई शहाणा! लोखंडाचं गेज वापरून वापरून झिजतं, अन् तुझी फाईल काय अमृत पिऊन आली?"

आता या माणसापुढं कोण डोकं फोडणार? त्यांच्याच कॉम्प्युटरवर चेकसम, म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसाच म्हणा, काढणारं काहीतरी शोधत बसलो. एक प्रोग्राम आधी नोंदणी मागे, दुसऱ्यानं जाहिरातींचा बाजार मांडला. शेवटी कळलं, तसली कमांड त्या कॉम्प्युटरात पहिल्यापासून होतीच. काखेत कळसा नि गावाला वळसा! काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, फाईलचं नाव द्यायचं, की अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ येते. फाईलमध्ये टिंबाचा फरक पडला तरी माळ पार बदलते.

"हे खरं गेज!" अण्णा खूश. "आता ही फाईल लाव."

फाईल आवाजाची होती. शांताकाकू, म्हणजे अण्णांची बायको, गेल्या साली वारल्या. त्याआधी कन्नडला बहिणीकडं गेल्या होत्या, तिथून त्यांनी मोबाईलवर धाडलेला निरोप, अण्णांनी कॉम्प्युटरात उतरवून ठेवलेला.

"ऐकत असाल ना रोज?"

"कुठलं! एकदाच ऐकला. रोज वाजवला अन् झिजून गेला तर? तिचा आवाज एवढाच हाय माझ्याकडं."

एवढ्या दिवसांत या माणसानं तो पुन्हा ऐकलाच नव्हता.

आधी माळ काढली. मग फाईल वाजवली. काकू कडाडल्या, "अहो, न्यायला येताना भोपळा आणा. अन् तिथं मोजत बसू नका, लोकं हसतात!"

पुन्हा माळ काढली. अण्णा पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत राहिले. शेवटपर्यंत तीच.

"नाय झिजली?"

"नाय, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"मंग लाव परत," म्हणाले, "अन् आता मोजू नको."