शंभर जोर आणि एक मिशी

अंग दुखलं नाही तर तो व्यायाम कसला? हे माझं ठाम मत, आणि दाढीला बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते ऐकावंच लागायचं. वस्तरा गळ्याशी असला की कोण वाद घालतो?

एकटे व्यायामशाळेचे मास्तर घालायचे. "दुखलं म्हणजे फायदा झाला, असं नसतं हो. हळूहळू वाढवा." त्यांच्याकडे जायला लागून चार दिवस झाले, तरी माझं काहीच दुखेना. फसवल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी त्यांची पाठ फिरल्यावर मी गुपचूप शंभर जोर काढले.

सकाळी चहाचा कप उचलेना, तोंडच कपाकडे न्यावं लागलं.

"आज दुकान बंद ठेवा," बायको म्हणाली. "कुणाचा तरी गळा कापाल."

"उलट आज खरा व्यायाम लागलाय," म्हणत मी तिच्याकडून शर्टाची बटणं लावून घेतली.

पहिलं गिऱ्हाईक नेमके मास्तर. "गुळगुळीत करा. मिशा तेवढ्या सांभाळा, वीस वर्षांच्या आहेत." डोळे मिटून त्यांनी मान मागे टाकली.

नाही म्हणावं तर चोरी उघडी पडणार. वस्तरा उचलला. हात लटलट कापत होता, आणि खाली मास्तरांच्या गळ्याची शीर उडत होती. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही कापायला लागले.

"हात थरथरतोय का?"

"छे, वस्तरा हलका आहे."

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी मनात देवाचा धावा करत होतो. गळा सुटला, हनुवटी सुटली. हुश्श करून हात जरा सैल सोडला, तर डावी मिशी टॉवेलवर!

मास्तरांनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग "दुसरीही काढा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दारात दिसले आणि मी खुर्चीमागे सरकलो. आज मार बसणार, यात शंका नव्हती. पण त्यांची मानच वळेना, म्हणून ते सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले.

"काल अर्धा तास जीव मुठीत धरून, अंग आवळून बसलो होतो. मान, खांदे, पोटऱ्या, सगळं ठणकतंय. आता सांगा, कुठला व्यायाम केला मी?"

मी माझं मत मागे घेतलंय. मास्तर आता दाढी घरीच करतात, आणि मिशा परत येईपर्यंत मला व्यायामशाळेत फक्त सतरंज्या झटकायला लावतात. तेवढ्यानेही दुखतं, पण ते मी कुणाला सांगत नाही.