उजवीकडून वाचलेली पत्रं

महादेवीचं पत्र आलं की गुरुपादप्पा चष्मा पुसून ओट्यावर बसत आणि नीलम्मा चूल सोडून त्यांच्यासमोर. दोघांनी लहानाची मोठी केलेली ही नात नांदेडला डी.एड.ला होती. दर पंधरवड्याला तिचं पोस्टकार्ड देवणीजवळच्या या गावात येई आणि गुरुपादप्पा त्यावर बोट फिरवत ते मोठ्यानं वाचत. बोट उजवीकडून डावीकडे जाई. कारण निजामाच्या राज्यात ते चौथीपर्यंत शिकले ते उर्दूत. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ‘शिकलेला माणूस’ म्हणून गावात उभा जन्म मिरवल्यावर हे आता सांगायचं कुणाला?

तेव्हा ते आपल्या मनानंच वाचत. “आज्जी, तुझ्यावाचून घास उतरत न्हाई,” अशी सुरुवात केली की नीलम्माचे डोळे भरून येत. मग हळूच, “आज्जाला दोन्ही वक्ताला चहा देत जा. साखरंला हात आखडू नको.” चहा लगेच मिळे. उत्तर लिहायची वेळ आली की, “हात कापून राहिलाय,” म्हणत ते पोस्टमनला मजकूर सांगत.

त्या वर्षी दुष्काळानं विहिरी आटल्या, गाव टँकरवर आलं. लातूर जिल्हा नवाच झाला होता. गुरुपादप्पांना करमेना, नातीला बघून सहा महिने झाले होते. तेवढ्यात पत्र आलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “शुक्रवारी दोघं नांदेडला या. लई वाट बघून राहिले.”

नीलम्मानं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली. शुक्रवारी उदगीरला बस बदलून दोघं भर दुपारी वसतिगृहासमोर उभे राहिले. दाराला कुलूप.

“बोअर आटला, मावशी,” चौकीदार दगडोबा म्हणाला. “सकाळीच समद्या पोरींना घरी धाडलं.”

“असं कसं? तिनंच बोलावलंय की! हे पत्र हाय,” म्हणत नीलम्मानं पिशवीतून कार्ड काढलं.

“राहू दे, राहू दे,” गुरुपादप्पा घाईनं म्हणाले. “नवा जिल्हा झाल्यापासनं टपालाचा मेळच न्हाई. जुनं असंल ते.”

पण दगडोबानं कार्ड घेऊन बोट ठेवलंसुद्धा होतं. नीलम्मा त्या बोटाकडे बघतच राहिली.

“अवं, हे तर उलट्या बाजूनं वाचून राहिलेत!”

“ज्याची त्याची सवय असती,” गुरुपादप्पा पुटपुटले.

“‘पाणी नसल्यामुळे वसतिगृह शुक्रवारी बंद होत आहे,’” दगडोबा वाचत होता. “‘मी संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. तुम्ही उन्हाचे येऊ नका. आणि आज्जी, डॉक्टरांनी सांगितलंय, आज्जांना साखरेचा चहा देऊ नकोस. हे मी पाचव्यांदा लिहिते आहे.’”

गुरुपादप्पा कुलपाकडे एवढं निरखून बघू लागले, जणू ते विकत घ्यायला आले होते.

परतीच्या बसमध्ये नीलम्मा धपाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. घरी महादेवी शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाट बघत बसली होती. सगळं ऐकून ती पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली. सुट्टीभर हा ‘शिकलेला माणूस’ ओट्यावर ‘अ’ गिरवत होता आणि नात ओरडत होती, “आज्जा, डावीकडून!”

वसतिगृह उघडल्यावर तिचं पहिलं कार्ड आलं. गुरुपादप्पांनी एकेक अक्षर लावत, घाम पुसत वाचलं, “मी... खु...शा...ल आहे. अ...भ्यास चालू आहे. त...ब्येतीला जपा.”

अर्धा तास लागला, पण एक अक्षर चुकलं नाही. शाबासकीसाठी त्यांनी वर बघितलं. नीलम्माचा चेहरा उतरलेला.

“संपलं?”

“हाव. इतकंच हाय.”

“तुमी वाचायचा तवा पोरगी लई मायेनं बोलायची,” नीलम्मा म्हणाली. मग पदर सावरून, मांडी ठीक करून ती पुन्हा त्यांच्यासमोर नीट बसली.

“आता एकदा उर्दूत वाचा.”