बीएमपीवाले नामदेवराव

जेपेग हा शब्द कानावर पडला की नामदेवराव खुर्चीवरून उठून चूळ भरून येत.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत आम्ही दोघं पाकिटांची चित्रं करायचो. अक्षरं माझी, कापसाची बोंडं त्यांची. संगणकात चित्र ठेवायचं ते बीएमपी फाइलीतच, हा त्यांचा हट्ट. एका बोंडानं अख्खी फ्लॉपी अडवली तरी त्यांना फिकीर नसे. "जागा जाती तं जाऊ द्या. जेपेग फाइल बारकी करतंय, पन दर बारीला सेव्ह केलं की चित्राचा घास घेतंय!"

बाकीच्या फाइलींचीही त्यांनी सोयरीक बघावी तशी पारख केली होती. जिफ गरीब, मोजक्या रंगांत भागवणारं. टिफ खानदानी, पण अंगानं जड. नव्यानं आलेल्या पीएनजीवर मात्र त्यांचा दाट संशय. "जागा कमी अन् काहीच गमवत न्हाई? एवढं गुणी स्थळ असतंय का कुठं?"

मी चिडवायचो, ते चिडायचे. दिवस मजेत जायचे. बायको गेल्यापासून घरी ते एकटेच, त्यामुळे ऑफिस सुटलं तरी त्यांना घाई नसे.

मग मस्कतला त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नातीचा फोटो ई-मेलनं मागवताना आजोबांची अट: बीएमपीच पाठव. तिनं बिचारीनं पाठवला. आमचं इंटरनेट चालायचं ऑफिसच्या फोनलाइनवर. फोटो निम्मा उतरला की लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. साहेब दोनदा डोकावून गेले. नामदेवराव जागचे हलले नाहीत.

संध्याकाळी वैतागून मीच इंटरनेट बंद केलं, तर लगेच फोन वाजला. लेक होती.

"अण्णा, कवापासून फोन लावून राह्यले! लाइन बिझीच. बाळ जागं होतं, आवाज ऐकवावा म्हनलं. आता झोपलं ते."

नामदेवरावांचा चेहरा पडला. नात दिसली नाही, ऐकूही आली नाही. मला फार वाईट वाटलं. ते फोनमध्ये हळूच म्हणाले, "बाई, जेपेग पाठव."

चहा येईपर्यंत फोटो आला. जेपेगनं घास घेतला होताच; बाळाच्या गालांवर चौकोन चौकोन दिसत होते. मी चिडवणारच होतो, पण चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याला नाक लावून बसले होते, डोळे भरलेले.

मी इंटरनेट बंद केलं, तसा पुन्हा फोन वाजला. दिसली का, लेक विचारत होती.

"दिसली, माय. मोठा फोटो नको पाठवू. असा बारकाच पाठव. पन रोज पाठव."