नेटबुकची प्रतवारी

आमच्या शेजारचे महादेवराव कोणतीही वस्तू डोळ्यांनी बघत नाहीत, चिमटीत धरतात. एकदा दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेले, तर नर्सने दंडावर ठेवलेला कापसाचा बोळा त्यांनी काढून घेतला, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणला आणि डॉक्टरांना म्हणाले, "आखूड धागा. हा कापूस कोणी देला तुमाले?"

महादेवराव मूळचे हिवरखेडच्या शेतकरी घरातले. इथे अकोल्यात ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, धागा किती लांब, ओल किती, कचरा किती ते बोटांनी ठरवायचं, चिठ्ठीवर प्रत लिहायची आणि खाली सही करायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चिठ्ठ्यांचं पुडकं अजून खिशात असतं. माझ्या चिवड्याला चिठ्ठी मिळालेली आहे. बाळांनो, तुमच्या आईबाबांच्या लग्नालाही मिळाली होती. ती तुम्ही मोठे झाल्यावर दाखवीन.

त्यांचा आवडता शब्द कवडी. बोंडातला किडका, पिवळा, चिकटून राहिलेला कापूस म्हणजे कवडी. महादेवरावांच्या मते नवा रस्ता कवडी आहे, टीव्हीवरच्या चर्चा कवडी आहेत आणि त्यांचा थोरला जावईसुद्धा थोडा कवडीच आहे.

तुम्ही दोघांनी फोनवर हट्ट धरलात की आजीने जुन्या गोष्टी लिहून पाठवाव्यात. मोबाइलवर माझ्याच्याने टाइप होत नाही, म्हणून मी सगळ्यात स्वस्तातलं एक नेटबुक आणलं. लिहिता यावं आणि तुमचे चेहरे जरा मोठे दिसावेत, एवढीच अपेक्षा. पसंत पडलं नाही तर दुकानदार आठ दिवसांत बदलून देणार होता. महादेवरावांना हे कळलं आणि ते खुर्ची घेऊनच आले.

"वैनी, खोका फेकू नका. अन् चिठ्ठी झाल्याबिगर तुमी हात लावू नका."

मी शिस्तीची बाई. हात लावला नाही.

त्यांनी नेटबुक तळहातावर तोललं. बिजागरी कानाशी नेऊन वीसदा उघडमीट केली. मग चिठ्ठी काढली. धागा म्हणजे बॅटरी. चार्जर काढून ते घड्याळ घेऊन समोर बसले, जेवायलाही गेले नाहीत. "लांब हाय," म्हणाले. ओल म्हणजे ताप. यंत्र तासभर मांडीवर ठेवून पाहिलं. "भाकर शेकून नाई निघत. चालते." कचरा म्हणजे आपण न मागता पडद्यावर उगवणाऱ्या जाहिराती. "कचरा लय हाय. पण वेचता येईन." सुरू व्हायला वेळ लागतो, कळा बारीक आहेत, पडवीच्या उजेडात पडदा नीट दिसत नाही, हेही लिहिलं. "या भावात एवढं चालते, वैनी. लग्नात बी चालवूनच घेतो आपण."

मधून मधून बिनसाखरेचा चहा. साखर त्यांना बंद होऊन दहा वर्षं झाली. चहाचा स्टीलचा पेला मला पदराशिवाय धरवत नाही. ते सरळ हातात घेतात. "ग्रेडरचे हात हायेत हे," असं वर सांगतात.

शेवटची परीक्षा पाटीची. कळांच्या खाली एक चौकोनी पाटी असते, तिच्यावर बोट सरकवलं की पडद्यावरचा बाण सरकतो. महादेवरावांनी बोट फिरवलं. बाण जागेवरच. दाबून फिरवलं, तर बाण भलतीकडे उडाला.

"पाटी कवडी."

नेटबुक परत गेलं. दुसरं आलं, तेही पाटीवरच नापास. तिसऱ्या वेळी दुकानदाराने हात जोडले. "काका, हे अमरावतीहून मागवलं. या किमतीतलं शेवटचं हाय. शनिवारपर्यंत काय ते सांगा. मंग माह्याकडं नाही."

शनिवारी सकाळी महादेवरावांनी तिसऱ्याची पाटी घासली. खूप वेळ घासली. मग चिठ्ठी काढली आणि चष्मा शोधायला पडवीत गेले.

मी नियम मोडला. पाटीवर एक बोट ठेवून हलकेच सरकवलं. बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला.

ते परत आले. पेन धरलेल्या अंगठ्यावर मोठा फोड होता.

"हे कधी भाजलं?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या कोणाचा असावा तसा तो अंगठा निरखला. "असंन. पेल्याचं असंन."

कवडी लिहिलं असतं तर यंत्र गेलं असतं आणि तुमच्यासाठीचं लिखाणही राहिलं असतं. पाटी चांगली आहे असं मी म्हटलं असतं, तर मग बिघडलंय काय, ते दोघांनाही कळलं असतं. या माणसाच्या चिठ्ठीला भर बाजारात कोणी खोटं म्हटलेलं नव्हतं.

"महादेवराव," मी म्हटलं, "पाटी राहू द्या. माझाच हात हल्ली थरथरतो. मी माऊस जोडणार आहे. तुम्ही माऊसवर तपासा."

माझा हात थरथरत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. महिन्याला दोनदा ते माझ्या हातचं सुईदोऱ्याचं काम बघतात. पण माऊस त्यांनी स्वतः जाऊन आणला. बाण सरळ चालला. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: "पास. माऊससकट."

संध्याकाळी मी पडवीत देवासाठी वाती वळत बसले होते. ते आले आणि सवयीने माझ्या पुढ्यातला कापूस चिमटीत धरून ताणला. बोटांमध्ये चोळला. पुन्हा ताणला. मग तो पुंजका माझ्यापुढे धरला.

"वैनी, तुमी पा न जरा. कसा लागून राहिला?"

मी त्यांच्यासारखाच दोन्ही चिमटीत धरून ताणला. "धागा लांब आहे. मऊ आहे. ओल नाही."

"कवडी?"

"नाही."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, मी सांगितलं तसं सगळं लिहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही तुमी करा," म्हणाले.