तोंड मिटून चाव

आमच्या कॉलेजात सर्दी खरी की खोटी हे कडक भाकरी ठरवते.

गड्डम मॅडम कॉमर्सला अकाउंट्स शिकवतात. त्यांच्या पर्समध्ये कडक भाकरीचे तुकडे भरलेला डबा असतो आणि एक चिमटा. वर्गात कुणी शिंकलं की त्या खडू ठेवतात, चिमट्याने तुकडा पुढे करतात आणि म्हणतात, "तोंड मिटून चाव."

सोलापूरची कडक भाकरी चावायला वेळ लागतो. ज्याचं नाक खरंच चोंदलंय, त्याला श्वासासाठी मधेच तोंड उघडावं लागतं. उघडलं की मॅडम दाराकडे बोट करतात. "घरी जा. झोप. हजेरी माझ्याकडे." आणि खरोखर त्याला हजर लावतात. ज्याने तोंड मिटून आख्खा तुकडा संपवला तो पहिल्या बाकावर येतो आणि तासभर घसाऱ्याची गणितं सोडवत बसतो.

"मॅडम, खरंच लई सर्दी हाय की," अक्कलकोटकडचा एक मुलगा एकदा म्हणाला.

"मग तोंड मिट की," मॅडम म्हणाल्या. मुलाने तुकडा निवांत संपवला. मॅडमनी त्याला दुसरा दिला, अभिनयाबद्दल.

त्यांचं खरं भांडण गेटसमोरच्या मेडिकलवाल्याशी. पोरं तासातून सुटून दोन सुट्या गोळ्या मागायला जातात, तिथे मॅडम आधीच उभ्या. पोराच्या हातातली पुडी घेऊन काउंटरवर परत ठेवतात. "सर्दी व्हायरसची आहे. अँटिबायोटिक त्याला काय करणार, नमस्कार? ह्याला पाणी पाहिजे, वाफ पाहिजे, झोप पाहिजे. झोप आहे का तुमच्याकडं?" मेडिकलवाला म्हणतो, "ताई, माझं दुकान बंद पाडणार तुमी." मॅडम म्हणतात, "तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, तर डॉक्टर. तोपर्यंत तुमी पण नाही, मी पण नाही."

संध्याकाळी मात्र त्या किटली घेऊन हॉस्टेलवर दिसतात. किटलीत चारू, म्हणजे त्यांच्या तेलुगू घरचं मिरं घातलेलं चिंचेचं सार. पोराच्या दारात ठेवतात आणि लांब उभं राहून, तो पिईपर्यंत, त्याला रागावतात.

गैरहजर पोरांना हजर लावल्याबद्दल प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी विभागप्रमुख म्हणून शेजारी होतो.

"हे नियमात बसत नाही, मॅडम."

"आजारी पोरगं वर्गात बसलं की आख्खा बाक आजारी पाडतं, सर. तुमाला एक गैरहजर पाहिजे का बाकभर?"

त्या गेल्यावर प्राचार्य मला म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या तासांचा विचार करा." मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. तास घेतला तर मानधन, नाही तर नाही. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, तीही माझ्या शिफारशीवर. मी मान डोलावली. मी फार बोलत नाही; लोक त्याला स्वभाव म्हणतात. आज स्पष्ट लिहितो, ती भीती होती.

मग तपासणी समिती आली. आदल्या दिवसापासून मला ताप होता. गोळी घेऊन गेलो, कारण अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची माझी होती. जेवायला शेंगाची चटणी, कडक भाकरी. समोर मॅडम. मी घासांच्या मधे तोंडावर रुमाल धरून हसत राहिलो आणि शिंका गिळत राहिलो.

दोन दिवसांनी मॅडम आल्या नाहीत. नंतरही नाहीत. दुसऱ्यांच्या पोरांना फुकट झोपवणारी ही बाई स्वतः झोपली की तिचे तास बुडतात, हे मला तेव्हा सुचलं. इतकी वर्षं त्यांच्या तासांच्या बिलावर सही मीच करत होतो.

मी त्यांच्या घरी गेलो. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या वर त्यांची एक खोली. खाली माग धडधडत होता. दार बंद. बाहेर गॅलरीत, खिडकीपासून लांब, एक प्लास्टिकची खुर्ची.

"तिथंच बसा, सर," खिडकीतून आवाज आला. "आत नाही. ती पाहुण्यांचीच आहे."

खुर्चीवर मागावरच्या टॉवेलच्या सुताची धूळ बोटभर साचली होती. मी रुमालाने पुसून बसलो. तिच्यावर याआधी कोण आणि कधी बसलं होतं, हे मी विचारलं नाही.

"मॅडम, हा ताप माझा. समितीच्या दिवशी मी तसाच आलो होतो."

"माहीत आहे की. तुमी भाकरी तोंड उघडून खात होता."

"मग मला घालवलं का नाही?"

आतून खोकला आला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "पोरांची हजेरी माझ्या हातात आहे. तुमची मी कुठं लावणार, सर?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बुडालेल्या सगळ्या तासांपुढे 'हजर' लिहिलं आणि खाली सही केली. दुपारी प्राचार्यांनी बोलावलं.

"मॅडम आजारी होत्या ना?"

"होत्या," मी म्हणालो. "म्हणूनच हजेरी लावली."

जूनच्या शिफारशीचा कागदही मी भरून नेला होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि किटली घेऊन पूर्व भागात गेलो. चारू मला जमत नाही. नुसतं गरम पाणी होतं.